दोन पत्र्यांच्या मध्ये : ॲल्युमिनियमच्या फलकाचा सांस्कृतिक इतिहास

निकोलाय चेर्निशेव्स्कीची ‘काय करावे?’ ही कादंबरी १८६३ साली ‘सोव्रेमेन्निक’ या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. ती त्याने सेंट पीटर्सबर्गच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिली होती. कादंबरीची नायिका वेरा पाव्लोव्हना हिला पडलेले चौथे स्वप्न रशियन साहित्याच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. या स्वप्नात तिला भविष्यातील एक प्रचंड इमारत दिसते. ती लोखंडाची आणि काचेची आहे, आणि आत जिकडेतिकडे एक हलका, चकचकीत धातू आहे. हा धातू म्हणजे ॲल्युमिनियम. कादंबरी लिहिली गेली त्या काळात श्रीमंत स्त्रिया त्याचे दागिने घालत. तो आज ना उद्या लाकडाची आणि कदाचित दगडाचीही जागा घेईल, असे भाकीत या स्वप्नात केलेले आहे. पुढच्याच वर्षी दोस्तोयेव्हस्कीने ‘तळघरातील टिपणे’मध्ये या स्फटिकमहालाची जी खिल्ली उडवली तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या महालातल्या धातूकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही.

हे भाकीत खरे ठरले, पण चेर्निशेव्स्कीने कल्पिलेही नसेल अशा रीतीने. आज ॲल्युमिनियम लाकडाच्या आणि दगडाच्या जागी आले आहे. मात्र पुष्कळदा ते स्वतःच्या रूपात येत नाही, लाकडाच्या रेषा आणि संगमरवराच्या शिरा अंगावर छापून येते. शिवाय ते सगळे ॲल्युमिनियम नसतेच. दोन अतिशय पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा गाभा अशी त्याची घडण असते. बांधकामाच्या आणि पाट्यांच्या व्यवसायात ‘एसीपी शीट’ या नावाने ओळखला जाणारा ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल तो हाच. गेल्या पन्नासएक वर्षांत वास्तुरचना, चित्रकला, छायाचित्रण आणि अक्षरांकन या चारही क्षेत्रांत त्याने शिरकाव केला. साहित्याच्या वर्गात आपण आशय आणि अभिव्यक्ती यांच्या नात्याची चर्चा वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. आवरण आणि गाभा यांच्या नात्याचा तोच प्रश्न या वस्तूच्या इतिहासात अक्षरशः उभा राहिलेला दिसतो, आणि त्याची किंमत माणसांनी मोजलेली दिसते. म्हणून हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवावासा वाटला.

सम्राटाचा धातू, गरिबाचे भांडे

ॲल्युमिनियम पृथ्वीच्या कवचात विपुल आहे, पण शुद्ध धातूच्या रूपात ते सापडत नाही. ऑक्सिजनशी असलेले त्याचे नाते तोडणे फार कठीण असते. १८२५ साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने ते प्रथम वेगळे केले, आणि १८५४ मध्ये फ्रान्समध्ये आंरी सँत-क्लेर दव्हील याने ते थोड्या मोठ्या प्रमाणावर मिळवण्याची रासायनिक पद्धत सिद्ध केली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात या धातूच्या कांबी लोकांपुढे आल्या. तिसऱ्या नेपोलियनच्या राजपुत्रासाठी त्याचा खुळखुळा घडवला गेला. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवण्यासाठी ॲल्युमिनियमचा एक लहानसा मनोरा ओतण्यात आला. त्याचे वजन तीन किलोही नव्हते, पण बसवण्यापूर्वी तो न्यूयॉर्कमधील टिफनी या जवाहिऱ्याच्या दुकानात जनतेला पाहण्यासाठी मांडला होता. दागिन्यांच्या पेढीवर मांडावा असाच तो धातू त्या वेळी होता.

दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी परस्परांना नकळत विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची एकच पद्धत शोधली. दोघांचाही जन्म १८६३ चा, म्हणजे वेरा पाव्लोव्हनाचे स्वप्न छापले गेले त्या वर्षीचा. या पद्धतीला वीज मुबलक लागे, आणि त्या काळात मुबलक वीज वाहत्या पाण्याजवळच मिळे. म्हणून १८८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील नॉयहाउझेन येथे, ऱ्हाइन नदीच्या धबधब्याशेजारी, युरोपातील ॲल्युमिनियम उद्योगाचा पाया घातला गेला. तिथे स्थापन झालेली कंपनी पुढे ‘ॲल्युस्विस’ या नावाने ओळखली गेली. हे नाव आणि ही नदी पुढे पुन्हा भेटणार आहेत.

धातू स्वस्त होताच त्याचे सामाजिक स्थान बदलले. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये १८९३ साली आल्फ्रेड गिल्बर्ट याने घडवलेला पंखधारी धनुर्धर उभा राहिला. लोक त्याला ‘इरॉस’ म्हणतात, शिल्पकाराला मात्र इरॉसचा भाऊ अँटेरॉस अभिप्रेत होता. एका पायाच्या चवड्यावर झेपावलेली ही आकृती पोकळ ॲल्युमिनियमची आहे, आणि खालचे कारंजे ब्राँझचे. धातूचा हलकेपणा इथे मूर्तीच्या भावाशी एकरूप झालेला आहे. सार्वजनिक शिल्पात ॲल्युमिनियम वापरण्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक. आपल्याकडे हाच धातू पातेली, ताटल्या आणि डबे होऊन घरोघर आला आणि गावोगाव ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पितळ-तांब्याची भांडी परवडत नाहीत त्या घराचे हे भांडे होते. राजपुत्राच्या खुळखुळ्यापासून जर्मलच्या ताटलीपर्यंतचा हा उतार तीन पिढ्यांत पुरा झाला. ज्याला स्वतःची प्रतिष्ठा उरली नाही त्याने दुसऱ्याच्या प्रतिष्ठेचे सोंग घ्यावे, या पुढच्या टप्प्याची तयारी इथेच झाली होती. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाऐवजी ॲल्युमिनियमचा वर्ख लावण्याची भेसळ आपल्याला ठाऊक आहे. फलकाच्या कथेतही वर्खाचाच प्रश्न आहे.

आच्छादनाची नीती

एका पदार्थावर दुसऱ्या पदार्थाचे आच्छादन घालावे की नाही, हा वाद एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कलाविचारात मोठ्या गांभीर्याने झाला. जॉन रस्किनने ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ (१८४९) या ग्रंथातील सत्याच्या दीपासंबंधीच्या प्रकरणात, एका पदार्थाला दुसऱ्याचे रूप देण्यासाठी रंगवणे ही वास्तुकलेतील फसवणूक ठरवली. त्याची भूमिका नैतिक होती. गॉटफ्रीड झेंपरने मात्र वेगळा विचार मांडला. त्याच्या मते वास्तूचा उगमच वस्त्रात, विणलेल्या पडद्यात आहे. भिंत हे मुळात आच्छादनच होय. म्हणजे रस्किनला जे असत्य वाटत होते त्यात झेंपरला कलेचा आरंभ दिसत होता.

या दोघांमधील वाट व्हिएन्नाच्या ॲडॉल्फ लोसने काढली. १८९८ मधील आपल्या लेखात त्याने आच्छादनाचा एक नियम सांगितला. त्याचा भावार्थ असा : आच्छादन जरूर घालावे, परंतु खालचा पदार्थ आणि वरचे आच्छादन यांची गल्लत होता कामा नये. लाकडाला कोणताही रंग द्यावा, फक्त लाकडाचा देऊ नये. वाङ्मयीन परिभाषेत बोलायचे तर लोसला अलंकार नको होता असे नव्हे, त्याला भ्रांती नको होती. उपमेत ‘सारखे’ हा शब्द उघड असतो. तसाच एखादा उघड ‘सारखे’ त्याला वास्तूच्या अंगावरही हवा होता.

हा ‘सारखे’ कसा दिसतो हे पाहायचे असेल तर ओटो वाग्नर याने व्हिएन्नामध्ये बांधलेल्या पोस्टल सेव्हिंग्ज बँकेकडे (१९०४–०६) जावे लागते. या इमारतीच्या विटांच्या भिंतींवर दगडाच्या पातळ फरश्या बसवल्या आहेत, आणि त्या बसवणारे खिळे लपवण्याऐवजी त्यांच्या डोक्यांवर ॲल्युमिनियमच्या टोप्या घालून ते मुद्दाम दाखवले आहेत. मागचा गिलावा सुकल्यावर या खिळ्यांची गरज तशी उरत नव्हती. तरीही ते राहिले, कारण ते विधान होते : ही भिंत दगडाची नाही, दगड वर लावलेला आहे. ॲल्युमिनियमने इथे दुसऱ्या पदार्थाचे सोंग घेतलेले नाही. उलट दुसऱ्या पदार्थाचे सोंग ते उघड करीत आहे. आधुनिक वास्तुकलेत या धातूचा प्रवेश असा सत्यवचनी झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पोटात प्लॅस्टिक

१९६९ मध्ये ॲल्युस्विस आणि जर्मनीतील बीएएसएफ या रसायन-कंपनीने मिळून ‘ॲलुकोबाँड’ हा फलक सिद्ध केला. ऱ्हाइनच्या धबधब्यापासून जवळच असलेल्या जर्मनीतील झिंगेन या गावी त्याचे उत्पादन होऊ लागले. कल्पना सोपी होती. पातळ पत्रा हलका असतो, पण लवतो आणि पोचतो. जाड पत्रा सपाट राहतो, पण जड आणि महाग पडतो. म्हणून अर्ध्या मिलिमीटरचे दोन पत्रे घ्यावेत आणि त्यांच्यामध्ये तीन मिलिमीटर जाडीचा पॉलिएथिलीनचा थर चिकटवावा. वाकवताना ताण पडतो तो मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागांवर. मधल्या थराचे काम त्या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे. असा चार मिलिमीटरचा फलक प्रतिचौरसमीटर साडेपाच किलोच्या आसपास भरतो. त्यातला जवळपास निम्मा भार धातूचा आणि निम्मा प्लॅस्टिकचा असतो. जाडीचा हिशेब केला तर धातू पाव हिस्साच.

कारागिराच्या दृष्टीने या फलकाची खरी करामत त्याच्या घडीत आहे. मागच्या बाजूने मागचा पत्रा आणि गाभ्याचा बहुतेक भाग इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात खरवडून काढायचा, दर्शनी पत्रा आणि त्यालगतचा पातळसा थर तेवढा शिल्लक ठेवायचा. मग तो जाडसर फलक पुठ्ठ्याप्रमाणे नुसत्या हातांनी सरळ रेषेत दुमडतो. कडा धारदार येते, दर्शनी रंग तडकत नाही, सांधा दिसत नाही. या घडीमुळे सपाट फलकापासून पेट्या, खांबांची वेष्टणे, त्रिकोण, कमानी असे आकार सहज करता येऊ लागले. वास्तुरचनाकारांनी तिच्यावर मनापासून प्रेम केले यात नवल नाही. मात्र वाग्नरने दाखवलेला खिळा या घडीने अदृश्य केला, याचीही नोंद हवी.

घडीव त्रिकोणांचा एक देखणा आविष्कार फ्लोरिडातील एपकॉट या उद्यानात १ ऑक्टोबर १९८२ रोजी खुला झाला. ‘स्पेसशिप अर्थ’ नावाचा हा पन्नास मीटर व्यासाचा गोल ११,३२४ त्रिकोणी ॲलुकोबाँड पृष्ठांनी मढवलेला आहे. आत मानवी संदेशवहनाच्या इतिहासाची सफर घडवली जाते. तिच्या मूळ कथासूत्राला रे ब्रॅडबरी या कथाकाराचा हात लागला होता. या गोलाची गंमत अशी की त्याचे रुपेरी कवच पाणी अडवणारे नाही. पाऊस फटींतून आत शिरतो आणि आतल्या जलरोधक गोलावरून वाहत पन्हळींतून जवळच्या तळ्यात जातो. बाहेरचे कवच हे कवच आहे आणि आतले घर घर आहे, दोघांमध्ये मोकळी जागा आहे, आणि हे पाहणाऱ्याला फटींवरून समजते. लोसने या गोलाला कदाचित हरकत घेतली नसती. कोणत्याही लाकडाचे किंवा दगडाचे सोंग तो घेत नाही.

चित्राच्या पाठीमागे

चित्रकाराला धातूचा पृष्ठभाग नवा नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात तांब्याच्या पत्र्यावर तैलचित्रे रंगवण्याची प्रथा होती. कापडाची वीण आणि लाकडाची रेष तांब्याला नसते, त्यामुळे अत्यंत सूक्ष्म काम त्यावर शक्य होई. ॲडम एल्सहायमरने १६०९ मध्ये रंगवलेले ‘इजिप्तकडे पलायन’ हे चित्र जेमतेम ४१ सेंटिमीटर रुंद आहे. परंतु त्याच्या रात्रीच्या आकाशात आकाशगंगेतले तारे सुटे सुटे दिसतात. हे तारे तांब्याच्या गुळगुळीतपणाचे ऋणी आहेत. तांब्याची मर्यादा आकाराची होती. मोठा पत्रा जड होतो आणि वाकतो. ॲल्युमिनियमच्या फलकाने ही मर्यादा दूर केली.

ब्रिटिश चित्रकार गॅरी ह्यूम याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस इस्पितळातील झुलत्या दारांची चित्रे करायला सुरुवात केली. दारांना जो घरगुती चकचकीत ऑइलपेंट देतात त्यातच आणि दारांच्याच आकारात. पुढे तो ॲल्युमिनियमच्या फलकांकडे वळला. हा रंग सपाट, कठीण पृष्ठभागावर आरशासारखा बसतो. पाहणाऱ्याला चित्रात आधी दार दिसते, मग स्वतःचे धूसर प्रतिबिंब. चित्रात शिरू पाहणाऱ्याला चित्र बाहेरच थोपवते. इथे पृष्ठभाग हा चित्राचा विषयच झालेला आहे.

गेरहार्ड रिश्टरने आपल्या अमूर्त चित्रांपैकी काही डायबाँड या फलकावर तैलरंगात केली. रिश्टर ओल्या रंगावरून एक लांब, रुंद फळी दाबून ओढतो. एक थर पुसला जातो, खालचा उघडा पडतो. ताणलेले कापड अशा दाबाखाली मागे झुकते, फलक झुकत नाही आणि रंग शोषूनही घेत नाही. ओढलेली फळी आणि न हलणारा पृष्ठभाग यांच्यातला हा संघर्ष चित्रात उतरतो. २०११ पासूनच्या ‘स्ट्रिप’ मालिकेत त्याने आपल्याच एका जुन्या अमूर्त चित्राचे संगणकावर पुन्हा पुन्हा उभे विभाजन करून मिळालेल्या बारीक पट्ट्या छापल्या, आणि तो कागद मागे ॲल्युमिनियम आणि पुढे पारदर्शक ॲक्रिलिक यांच्यामध्ये बंद केला. हाताचा स्पर्श पूर्णपणे नाहीसा झालेली ही चित्रे आहेत. त्यांच्या घडणीतही रंगाचा थर दोन कठीण आवरणांमध्ये अडकलेला आहे.

छायाचित्रणात हा बदल अधिक मूलगामी ठरला. बर्न्ट बेखर १९७६ पासून ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवू लागले. बर्न्ट आणि हिला या दांपत्याची पाण्याच्या टाक्यांची आणि झोतभट्ट्यांची कृष्णधवल छायाचित्रे आकाराने लहान असत. त्यांचे विद्यार्थी थोमास रूफ, थोमास श्ट्रूट आणि आंद्रेआस गुर्स्की यांनी मात्र छायाचित्र भिंतीएवढे केले. रूफने १९८६ पासून साध्या, भावहीन चेहऱ्यांची चित्रे दोन मीटरहून अधिक उंचीची छापायला घेतली. एवढा मोठा कागद नुसता टांगला तर लाटा येतात. १९६९ मध्येच स्वित्झर्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या ‘डायसेक’ या पद्धतीत छायाचित्र सिलिकॉनच्या साहाय्याने ॲक्रिलिकच्या तावाला समोरून कायमचे चिकटवतात, आणि पाठीला ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियमचा फलक देतात. छायाचित्र आता पुस्तकात किंवा हातात पाहण्याची गोष्ट राहिले नाही. ते भिंतीवरच्या चित्राशी बरोबरी करणारी वस्तू झाले. फ्रेंच समीक्षक जाँ-फ्रांस्वा शेव्हरिए याने १९८९ मध्ये या प्रकाराला ‘ताब्लो’ म्हणजे चित्रफलकाचे रूप म्हटले.

गुर्स्कीचे ‘ऱ्हाइन २’ (१९९९) हे या परंपरेतील सर्वांत गाजलेले चित्र. वर राखाडी आकाश, खाली हिरवे गवत आणि मधून सरळ वाहणारी नदी, असे आडवे पट्टे. २०११ मध्ये ते न्यूयॉर्कच्या लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. मूळ दृश्यात काठावर कुत्र्याला फिरवणारी माणसे आणि एका कारखान्याची इमारत होती. ती गुर्स्कीने संगणकावर पुसून टाकली. ज्या नदीच्या बळावर युरोपातील ॲल्युमिनियमचा उद्योग उभा राहिला, त्याच नदीच्या चित्रातून कारखाना नाहीसा व्हावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. चित्राचे आवरण जितके निर्दोष, तितके त्यातून काय वगळले याचे कुतूहल अधिक जागे व्हायला हवे.

या निर्दोषपणाला आणखी एक बाजू आहे. रंगीत छायाचित्रातील रंगद्रव्ये कालांतराने विटतात. ॲक्रिलिकला एकदा चिकटवलेले छायाचित्र इजा न होता सोडवता येत नाही. कापडावरचे जुने चित्र नव्या कापडावर चढवण्याची सोय संवर्धकाला असते, इथे ती नाही. चित्र फिकटत जाते आणि त्याची पाठ मात्र ताठ राहते.

अक्षरांचा पत्रा

हा फलक कलादालनांत पोहोचण्याआधीपासून पाट्यांच्या व्यवसायाचा होता आणि आजही मुख्यतः तिथेच आहे. महाराष्ट्रात आपण त्याला रोज भेटतो ते दुकानांच्या पाट्यांवर. पूर्वी पत्र्यावर ऑइलपेंटने अक्षरे रंगवणारा पेंटर पाटीच्या कोपऱ्यात आपले नाव बारीक अक्षरांत टाकत असे. एसीपीच्या पाटीवर अशी सही नसते. अक्षरे संगणकावर जुळवली जातात आणि यंत्रावर कापली जातात.

तरीही यंत्रालाही लिपीचा स्वभाव मानावा लागतो. फलकातून अक्षर आरपार कापून मागून प्रकाश द्यायचा असेल, तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातले बेट सुटून खाली पडते. त्याला मागच्या ॲक्रिलिकवर वेगळे चिकटवावे लागते. उठावाची अक्षरे करायची तर रोमन लिपीतले प्रत्येक अक्षर सुटे बसवावे लागते. देवनागरीचा शब्द शिरोरेषेमुळे एकसंध कापता येतो. पण अनुस्वार त्या रेषेला चिकटलेला नसतो. तो वेगळा कापून वेगळा बसवावा लागतो, आणि एवढ्याशा तुकड्याला पकड ती किती असणार? एखाद्या पाटीवरचा अनुस्वार नाहीसा झालेला दिसला की आपण शुद्धलेखनाच्या नावाने हळहळतो. क्वचित तो दोष व्याकरणाचा नसून गोंदाचा असतो.

२०२२ मध्ये महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती होऊन सर्व आस्थापनांना मराठी देवनागरीत पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानिमित्ताने शहरांतील कितीतरी पाट्या नव्याने घडवल्या गेल्या. मराठीच्या सार्वजनिक दृश्यरूपाचा एवढा मोठा प्रसंग क्वचितच येतो. अशा वेळी अक्षराचे वळण, जोडाक्षरांची घडण, ओळींमधले अंतर यांविषयी भाषेच्या अध्यापकांनी काही म्हणायला हवे होते. चर्चा झाली ती बहुतांशी आकाराच्या आणि दंडाच्या प्रश्नाची. पाटीवर मराठी आली, पण कोणत्या रूपात आली, हा प्रश्न आवरणाखाली राहून गेला.

मुकुट

पाटीवर गाभ्याचा विसर पडला तर फार तर एक अनुस्वार हरवतो. उंच इमारतीवर तोच विसर किती महाग पडतो, हे आता पाहावे लागते.

ग्रेनफेल टॉवर ही पश्चिम लंडनमधील चोवीस मजली निवासी इमारत १९७०च्या दशकात बांधली गेली. मूळची ती काँक्रीटची, उघड्या अंगाची. तिचे नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झाले. थंडीपासून संरक्षण हा त्याचा एक हेतू होता, आणि रूप सुधारणे हा दुसरा. आच्छादनासाठी प्रथम जस्ताचे फलक सुचवले गेले होते. त्यांऐवजी पॉलिएथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे फलक घेतल्याने सुमारे २ लाख ९३ हजार पौंडांची बचत झाली. १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात शीतकपाटाला आग लागली. ती खिडकीतून बाहेरच्या आच्छादनाला लागली आणि बघता बघता माथ्यापर्यंत पोहोचली. बहात्तर माणसे मृत्युमुखी पडली.

आग अशी का पसरली याचे उत्तर फलकाच्या घडणीतच होते. पॉलिएथिलीन हा पेट्रोलियमपासून बनणारा पदार्थ आहे. जळताना तो जवळपास तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलइतकी उष्णता देतो. चार मिलिमीटरच्या प्रत्येक चौरसमीटर फलकात तो पावणेतीन किलोच्या घरात असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. त्याच्या कितीतरी आधी पॉलिएथिलीन पातळ होऊन ठिबकू लागते. पातळ पत्र्याचे आवरण फाटले की उरते ते इंधन.

चौकशी आयोगाच्या २०१९ मधील पहिल्या अहवालाने आगीच्या प्रसाराचे मुख्य कारण म्हणून याच फलकांकडे बोट दाखवले. त्या अहवालातील दोन गोष्टी कलेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्याव्यात अशा आहेत. पहिली अशी की इमारतीच्या माथ्यावर शोभेसाठी फलकांचा एक ‘मुकुट’ केलेला होता. आग आडवी पसरून सगळ्या बाजूंना वेढा पडला तो मुख्यतः या मुकुटावरून. त्या मुकुटाला शोभेखेरीज दुसरे काही काम नव्हते. दुसरी गोष्ट घडीची. फलक पेटीच्या आकारात दुमडून टांगलेले होते. अशा दुमडलेल्या फलकांची आगीतील वर्तणूक खिळ्यांनी सपाट बसवलेल्या फलकांपेक्षा वाईट असते, हे चाचण्यांत आधीच दिसलेले होते. म्हणजे वास्तुरचनाकाराला भुरळ घालणारी, सांधा लपवणारी ती सुबक घडी आणि वाग्नरचा उघडा खिळा यांच्यातला फरक निव्वळ अभिरुचीचा नव्हता.

सप्टेंबर २०२४ मधील अंतिम अहवालाने हे सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते असे म्हटले, आणि आच्छादनाचे साहित्य बनवणाऱ्या व विकणाऱ्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर ठपका ठेवला. ग्रेनफेलपूर्वी इशारे मिळाले नव्हते असेही नाही. २०१४ मध्ये मेलबर्नमधील लॅक्रॉस इमारत आणि २०१५ मध्ये दुबईतील ‘द टॉर्च’ यांच्या आच्छादनांना आगी लागल्या होत्या. तिथे जीवितहानी झाली नाही, म्हणून त्या बातम्या विसरल्या गेल्या. इंग्लंडने २०१८ मध्ये उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यास बंदी घातली. आता खनिजांनी भरलेल्या गाभ्याचे फलक मिळतात. त्या खनिजांत बहुधा ॲल्युमिनियमचेच हायड्रॉक्साइड असते. तापले की त्यातून पाणी सुटते आणि आगीला अटकाव होतो. धातूच्या पोटात त्याचेच खनिज ठेवण्याची ही युक्ती साधी आहे. ती महाग मात्र पडते.

समीक्षेचे काम

या इतिहासातून ‘आवरण वाईट, गाभा खरा’ असा सरधोपट निष्कर्ष काढता येणार नाही. ह्यूमचे दार, रिश्टरचे पट्टे, एपकॉटचा गोल या सर्व निर्मिती आवरणाच्याच आहेत. पण आपण आवरण आहोत हे त्या लपवत नाहीत. त्यांचे कर्ते फलकाची घडण जाणून होते आणि तिच्याशी त्यांनी व्यवहार केला. ग्रेनफेलच्या बाबतीत दर्शनी पत्र्याचा रंग, चकाकी आणि दर यांवर विचार झाला. मधल्या तीन मिलिमीटरांचा प्रश्न एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर सरकत राहिला. रस्किनने ज्याला असत्य म्हटले ते केवळ दृष्टीची फसवणूक म्हणून आपण सौम्यपणे घेत आलो. त्याचा नैतिक आवेश आज जुनाट वाटतो. परंतु जे दिसते ते कशाचे बनले आहे हे विचारण्याचा त्याचा आग्रह जुनाट झालेला नाही.

साहित्याच्या वर्गातही आपण अनेकदा दर्शनी पत्र्याविषयीच बोलतो. शैली, प्रतिमा, घाट यांची नावे घेतो आणि त्यांच्यामागचा थर कोणत्या द्रव्याचा आहे हे तपासायचे राहून जाते. आशय म्हणजे कृतीचे तात्पर्य नव्हे. ताण पडल्यावर, तापल्यावर ती कृती कशी वागते, हे ठरवणारे द्रव्य म्हणजे आशय, असा अर्थ या फलकाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो.

ब्रिटिश कलावंत स्टीव्ह मॅक्वीन याने डिसेंबर २०१७ मध्ये, जळालेला टॉवर कापडाने झाकला जाण्यापूर्वी, हेलिकॉप्टरमधून त्याचे चित्रीकरण केले. ‘ग्रेनफेल’ हा चोवीस मिनिटांचा चित्रपट २०२३ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनात दाखवला गेला. कॅमेरा शहराबाहेरून हिरव्या शेतांवरून येतो, टॉवरजवळ पोहोचतो आणि सर्व आवाज थांबतात. मग तो त्या काळवंडलेल्या इमारतीभोवती पुन्हा पुन्हा घिरट्या घालतो. निवेदन नाही, संगीत नाही, मुलाखती नाहीत. पडद्यावर उरते ती आच्छादन गळून पडलेली भिंत, रिकाम्या खिडक्या आणि आतून काम करणारी पांढऱ्या पोशाखातली माणसे. आवरणाविषयीच्या या सगळ्या चर्चेत ज्यांची नावे क्वचितच येतात ते लोक याच खिडक्यांच्या आत राहत होते.